कॅमेऱ्याचं ओझं

मुलांनो, तुमच्या दप्तराचं वजन किती आहे? अंदाजानं नको, खरंखुरं सांगा. कधी करून पाहिलंय का?

आमच्या शाळेत आम्ही जून महिन्यात हा उद्योग करतो. रोह्याजवळच्या एका छोट्या गावात माझी प्राथमिक शाळा आहे. उंची-वजन नोंदवायला काटा असतोच. आधी मुलानं नुसतं काट्यावर उभं राहायचं, मग दप्तर पाठीला लावून. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की झालं दप्तराचं वजन! वजाबाकीचीही उजळणी होते. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणात म्हटलंय, की पहिली ते दहावीच्या मुलांचं दप्तर त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये. म्हणजे तुमचं वजन ३० किलो असेल, तर दप्तर जास्तीत जास्त ३ किलो.

यंदा सगळ्यांची दप्तरं मोजून झाल्यावर सहावीतला एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "बाई, आता तुमची ती काळी बॅग ठेवा की काट्यावर!"

काळी बॅग म्हणजे माझी कॅमेऱ्याची बॅग. मी पेणला राहते. सुट्टीच्या दिवशी रानात, डोंगरात फिरून फोटो काढायचा मला भारी नाद. शाळेची सहल असली की ही बॅग माझ्याबरोबर असतेच. मुलांनी एकेक वस्तू काढून फळ्यावर हिशोब मांडला. कॅमेरा ८०० ग्रॅम. दूरचं दिसणारं लांबलचक भिंग २ किलो. जवळचं छोटं भिंग अर्धा किलो. ट्रायपॉड पावणेदोन किलो. जादा बॅटऱ्या, पावसाचं कव्हर, पुसायचं कापड, सगळं मिळून अर्धा किलो. पाणी २ लिटर, म्हणजे २ किलो. डबा अर्धा किलो. बेरीज आठ किलोंच्या थोडी वर!

"मग बाई, मोबाइलनंच फोटो काढा ना! किती हलका असतो!"

प्रश्न अगदी बरोबर आहे. समोरच्या मैत्रिणीचा, फुलाचा, डोंगराचा फोटो मोबाइल छान काढतो. पण आपल्या फणसाडच्या अभयारण्यात जा. मुरूड, रोहा आणि अलिबाग तालुक्यांत पसरलेलं हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. तिथं शेकरू आहे. शेकरू म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, झुबकेदार शेपटीची मोठी खार. ती बसते उंच झाडाच्या शेंड्याला. मोबाइलच्या फोटोत ती दिसते तपकिरी ठिपक्यासारखी! तिचे डोळे, मिशा दिसायला हव्यात तर लांब पल्ल्याचं भिंग हवं. झाडांच्या सावलीत उजेड कमी. तो पुरेसा गोळा करायचा तर भिंगाची काचही रुंद हवी. आणि काच म्हटली की वजन आलंच.

तरी आपण नशीबवान आहोत बरं का! दीडशे वर्षांपूर्वी फोटो काढायला निघणं म्हणजे लग्नाचं वऱ्हाड निघाल्यासारखं असे. तेव्हा फिल्म नव्हती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. सगळं दहा-पंधरा मिनिटांत. काच वाळली की फोटो गेला! त्यामुळे काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधाऱ्या खोलीसाठी तंबू, एवढं सगळं बरोबर न्यावं लागे. सॅम्युएल बॉर्न नावाचा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली सिमल्याहून हिमालयात गेला, तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे ३० हमाल होते. १८६६ च्या मोहिमेत तर ८०! त्याचे हिमालयाचे फोटो आजही जगभर नावाजले जातात. फोटोंखाली नाव बॉर्नचं. काचा पाठीवर घेऊन बर्फातून चालणाऱ्यांची नावं मात्र त्या फोटोंखाली नाहीत. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

मग १८८८ साली अमेरिकेत ईस्टमननं 'कोडॅक' कॅमेरा आणला. हातात मावणारा डबा, आत शंभर फोटोंची गुंडाळी. तंबू गेला, बाटल्या गेल्या. पण हलत्या चित्रांचा कॅमेरा अजून जडच होता. मुंबईत सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी विलायतेहून असा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्याच्या बाहेरच्या चित्रीकरणासाठी मंडळी वांगणी गावी गेली होती. गाठोड्यांत ढाली-तलवारी बघून गावकऱ्यांना वाटलं, हे दरोडेखोर! फाळक्यांनी येऊन कॅमेरा कसा चालतो ते दाखवलं तेव्हा कुठे सुटका झाली, असा किस्सा सांगतात.

आता मुद्द्याचं. ओझं तर न्यायचंय, पण पाठ-मान दुखू न देता. कसं? आधी एक प्रयोग करा. पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली घ्या. ती छातीशी धरून मनात शंभर आकडे मोजा. काही वाटत नाही ना? आता तीच बाटली हात सरळ लांब करून धरा आणि मोजा. पंचविसाला हात थरथरायला लागेल! बाटली तीच, वजन तेच. फरक अंतराचा. सी-सॉवर टोकाला बसलेलं हलकं मूलसुद्धा जड मुलाला उचलतं, तसंच हे. ओझं अंगापासून जितकं लांब, तितका त्याचा ओढा जास्त.

म्हणून बॅग भरताना सगळ्यात जड वस्तू, म्हणजे मोठं भिंग आणि पाणी, पाठीला चिकटून ठेवायची. तीसुद्धा तळाशी नाही, साधारण खवाट्याच्या उंचीला. हलकं सामान बाहेरच्या बाजूला. तुमच्या दप्तरातही जाड पुस्तकं पाठीकडे आणि डबा, कंपास बाहेर, असंच हवं.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. कॅमेरा गळ्यात अडकवून डोंगर चढून बघा. तासाभरात मान वाकते, पट्टा रुततो. वजन जितक्या कमी जागेवर पडेल तितका दाब जास्त. दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्याऐवजी सहा सेंटिमीटरचा मऊ पट्टा घेतला, तर दाब तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणून दोन रुंद पट्टे, दोन्ही खांद्यांवर. एकाच खांद्यावर दप्तर टाकून ऐटीत चालणारे, ऐकताय ना? आणि बॅगेला कमरपट्टा असेल तर तो कंबरेच्या हाडावर नीट आवळायचा. मग निम्म्याहून जास्त भार खांद्यावरून उतरून कंबरेवर येतो, तिथून पायांवर. पाय आपले दणकट असतातच!

हे सगळं मी वर्गात मोठ्या थाटात सांगत होते. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी ती वर्गात फारसं बोलत नाही. म्हणाली, "बाई, आमची मोळी याच्याहून जड असते. पण आम्ही पाठीवर नाय घेत. डोक्यावर घेतो."

मी म्हटलं, "दाखव बघू!"

तिनं माझा टॉवेल मागून घेतला, पिळून गोल वेटोळं केलं. ही झाली चुंबळ. ती डोक्यावर ठेवून वर माझी काळी बॅग घेतली आणि वर्गाला एक फेरी मारली. बॅग जरासुद्धा हलली नाही! मग म्हणाली, "मान ताठ पायजे. नजर पुढे. पाय भरभर, पण दणके द्यायचे नाहीत." चुंबळ म्हणजे दाब पसरवणारी गादीच की! आणि ओझं सरळ डोक्यावर, म्हणजे पुढे-मागे ओढा नाही. मी अर्धा तास सांगितलं ते सगळं तिनं एका फेरीत दाखवलं.

शास्त्रज्ञांनीही याचा अभ्यास केलाय. १९८६ साली 'नेचर' या नियतकालिकात केनियातल्या बायकांवरचा एक अभ्यास छापून आला. आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं त्या डोक्यावरून नेतात, तेव्हा रिकाम्या चालण्यापेक्षा त्यांना जास्त शक्ती लागत नाही, असं त्यात दिसलं. लहानपणापासूनच्या सवयीनं त्यांच्या चालीला एक वेगळीच लय आलेली असते.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. ती बसली, आणि बसता बसता हळूच म्हणाली, "पण रात्री मान दुखते, बाई."

मुलांनो, हे वाक्य मला विसरता येत नाही. चुंबळ हुशारीची खरी, पण मोळी मुलीच्या दहा टक्क्यांत बसत नाही. कॅमेऱ्याचं ओझं मी हौसेनं घेते, नको वाटलं तर घरी ठेवते. मोळीचं तसं नसतं. चूल पेटायची तर ती आणावीच लागते. मी तिच्या आईला जाऊन भेटले. आता मोळी लहान बांधतात आणि मोठी भावंडं पाळी घेतात. ओझं संपलं नाही, पण वाटलं गेलं.

दिवाळीनंतर आमची सहल अवचितगडावर निघाली. रोह्याजवळचा हा किल्ला दाट झाडीतला. मी पेणहून दिवा-रोहा गाडीनं आले. गर्दीत बॅग पाठीवर न ठेवता पोटाशी घ्यायची, म्हणजे लोकांना धक्का लागत नाही आणि भिंगही सांभाळलं जातं. भिंग गुंडाळायची रीत मी आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतून उचलली आहे. पेणच्या मूर्ती किती दूरदूर जातात, परदेशातसुद्धा! मूर्ती बांधणारे कारागीर भाताचा पेंढा असा ठासतात, की मूर्तीला हलायला जागाच उरत नाही. हलली की दुखावली! मीही बॅगेतली प्रत्येक पोकळी मऊ कापडानं भरते. रुमाल, टोपी, स्वेटर, काहीही चालतं. आपल्या रायगडात पाऊस धो धो आणि हवा कायम दमट. भिंगाला बुरशी धरते. म्हणून घरी ते घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते.

त्या सहलीसाठी मी आधी निवड केली. गडावर शेकरू दिसेल न दिसेल, पण दरवाज्याजवळचं शरभाचं शिल्प आणि बारा कोनांचं तळं नक्की दिसणार. त्याला मोठं भिंग कशाला? दोन किलो कमी! प्रत्येकाचं पाणी प्रत्येकाच्या पिशवीत, ट्रायपॉड पाळीपाळीनं मोठ्या मुलांकडे, दर वीस मिनिटांनी अदलाबदल. माझी बॅग उरली चार किलोंची.

पाळ्या लावताना त्या मुलीनं पहिलं नाव स्वतःचंच सांगितलं. तिला सवय ना! मी ते नाव यादीतून काढलं. म्हटलं, "तुझी पाळी फोटो काढायची." ती आधी घाबरली. मग गळ्यातला पट्टा आडवा खांद्यावर घेतला, मान ताठ केली आणि चालायला लागली. तळ्याचे बारा कोन एका फोटोत कसे येतील, यासाठी ती तीनदा जागा बदलून उभी राहिली. चौथ्यांदा कळ दाबली.

तो फोटो आमच्या शाळेच्या फलकावर लावलाय. खाली तिचं नाव आहे. आणि त्याच्याखाली ट्रायपॉड वाहणाऱ्या सहा मुलांची नावं, कोणी कुठून कुठपर्यंत आणला त्यासकट. बॉर्नच्या फोटोंखाली जे राहून गेलं, ते मुलांनी आपणहून लिहिलं.

तुमच्याही सहली आता निघतील. फोटो भरपूर काढा. पण घरातून निघायच्या आधी बॅगेतली एक तरी वस्तू काढून ठेवा, जड सामान पाठीशी ठेवा, दर अर्ध्या तासानं विचारा, "आता कुणाची पाळी?" आणि घरी येऊन वहीत फोटो चिकटवाल, तेव्हा ओझं कुणी वाहिलं त्यांची नावंही लिहा.