देवाचा दरबार: ना. वा. टिळकांचे दुसरे सीमोल्लंघन

१/ रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्या धर्मांतराने घर दुभंगले. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. ही कथा ‘स्मृतिचित्रे’मुळे सर्वपरिचित आहे. टिळकांचे दुसरे सीमोल्लंघन मात्र विस्मरणात गेले.

२/ १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तभक्त तेथे एकत्र येणार होते.

३/ वादाचे मूळ येथेच होते. चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा उंबरठा. तो न ओलांडता कोणी ख्रिस्ताचा शिष्य ठरत असेल, तर शिष्यत्वाची साक्ष द्यायची कोणी: संस्थेने की अंतःकरणाने?

४/ हाच प्रश्न सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पेटला होता. जॉर्ज फॉक्स आणि त्याचे क्वेकर अनुयायी सांगत, की ख्रिस्ताचा प्रकाश प्रत्येक मनुष्याच्या अंतरी आहे. त्यांनी पगारी धर्मोपदेशक आणि पाण्याचा बाप्तिस्मा दोन्ही नाकारले, आणि त्यापायी तुरुंगवास भोगला.

५/ विरोधकांचा आक्षेप बिनतोड वाटे: प्रत्येकाचा आतला आवाज प्रमाण मानला, तर भ्रम कसा ओळखावा? रॉबर्ट बार्कले याने १६७६ साली लॅटिन ग्रंथातून उत्तर दिले. शास्त्र हे मूळ झऱ्याचे वर्णन आहे, झरा स्वतः आत्मा आहे. मात्र खरा अंतःप्रकाश शास्त्राच्या आणि सुबुद्धीच्या विरुद्ध कधी जात नाही.

६/ टिळक क्वेकर नव्हते. बाप्तिस्मा त्यांनी त्याज्य ठरवला नाही. त्यांची वाट तुकोबांच्या अभंगांतून ख्रिस्ताकडे गेली होती. अनुभवाची साक्ष पोथीच्या अधिकारापुढे निर्भयपणे मांडणे त्यांना वारकरी परंपरेनेच शिकवले. म्हणून त्यांचे बंड परके भासत नाही.

७/ ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. दरबाराला अवघी दोन वर्षे लाभली. पुढे तो मूळ धरू शकला नाही. क्वेकरांनी सामूहिक मौनोपासना आणि नियमित सभा यांतून अंतःप्रकाशाला संस्थेचा आधार दिला, म्हणून ते टिकले. आतला प्रकाश एकट्याला वाट दाखवतो. तो पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा, तर त्यालाही घर बांधावे लागते. आणि घर बांधले, की उंबरठा पुन्हा येतोच.