शुद्धीचे 15 गुण

आम्ही मास्तर माणसं. गुण देणं हाच आमचा पेशा. पण गुणांची एक वेगळीच रीत आम्हाला नर्स झालेल्या जुन्या विद्यार्थिनीकडून कळली. 1974 मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ती काढली. डोक्याला मार लागलेल्याची शुद्ध मोजायची: डोळे उघडण्याला 4, बोलण्याला 5, हालचालीला 6. शून्य कुणालाच नाही, किमान 3.

त्याआधी नर्स मान न हलवता श्वासाची वाट पाहते, मग श्वास, रक्तस्राव. ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेल्याकडे तिचं लक्ष आधी जातं. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो!

घोटाळा होतो तो बोलण्याच्या 5 गुणांत. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, करंजी-पांढरकवड्यावरून. अपघातातला जखमी गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू, काहीही बोलेल. ‘आज वार कोणता?’ असं विचारल्यावर एखाद्या खाला म्हणाल्या, ‘जुमेरात’, तर ती बडबड नव्हे, तो गुरुवारच. भाषा कळत नसेल तर अंदाजानं गुण देऊ नयेत, ‘तपासता आलं नाही’ असं लिहावं. कारण हे गुण पुन्हापुन्हा मोजतात. 14 चे 12 झाले, तर डोक्यात आत रक्त साचत असेल. पहिलाच आकडा चुकला तर ही घसरण दिसायची कशी?

‘उर्दूत शिकलेली मुलगी नर्सिंगमध्ये काय करणार?’ असं विचारणारे वालिद दरवर्षी भेटतात. आम्ही त्यांना जुमेरातचं सांगतो. काही ऐकतात.