सात कपड्यांचे गणित

कन्या नोकरीनिमित्त इंदुराहून पुण्यास निघाली. "आई, एकच बॅग नेणार; पण वरचे कोणतेही खालच्या कशावरही शोभले पाहिजे," असे तिने बजावले. न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी १९८५ साली परस्परांत मिसळणाऱ्या सात कपड्यांचा संच काढला होता. त्याची चित्रे तिने कुठूनशी मिळविली होती. वरचे चार, खालचे तीन, म्हणजे बारा जोड, हे गणित आम्ही तत्काळ मांडले. आमचे श्रेय एवढेच!

कापड होजियरीचे, आणि ही आजवर सुतीच शिवत आलेली. पहिला काळा पोलो नेक तिने सरळ टाक्याने शिवला. कन्येने तो डोक्यातून ओढला मात्र, कापड ताणले, दोरा ताणेना. गळा तटातट उसवला. आम्ही हसलो. हसावयास नको होते. "राहू दे, विकत घेऊ," असे कन्या म्हणताच हिचे डोळे भरून आले. निघण्यास नऊ दिवस होते.

मग शेजारच्या वहिनींचे नागमोडी टाक्याचे यंत्र मागून आणले. सुई बोथट, गोल टोकाची घेतली. ती विणीचे धागे न तोडता बाजूस सारते. कापड आधी धुऊन आटविले, ताण अंगाभोवती येईल असे बेतले, गळपट्टी गळ्याहून किंचित आखूड कापली.

सातवा कपडा निघण्याच्या सकाळी पुरा झाला. गाडी सुटल्यावर घरी आलो. यंत्र परत द्यावयाचे होते. पण ही उरलेल्या काळ्या तुकड्यावर उगाच नागमोडी टाके घालीत बसली. आम्हीही यंत्राची आठवण दिली नाही.