अधारतालची टायटॅनियमची सायकल

जबलपूर म्हणजे बावन्न तलावांचं शहर. हनुमानताल, राणीताल, चेरीताल, अधारताल... बरेचसे तलाव आता बुजले, त्यांच्या जागी मोहल्ले उभे राहिले. नावं मात्र टिकून आहेत. राणीताल गोंडवानाच्या राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि अधारताल तिचा दिवाण आधारसिंह कायस्थ याचा, असं इथं सांगतात. राणी १५६४ साली मोगल फौजेशी लढताना धारातीर्थी पडली. तिच्या दिवाणाचं नाव आजही ऑटोवाल्यांच्या तोंडी दिवसभर असतं. तलावही आहे, पण चहूबाजूंनी वस्तीनं वेढलेला.

मराठी माणसाला हे शहर परकं नाही. १८१७ पर्यंत इथं नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढं १९५६ पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होतं त्याची राजधानी नागपूरच होती. कुणी कारकून म्हणून, कुणी मास्तर म्हणून, तर कुणी कारखान्यात कारागीर म्हणून इथं आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत हिंदीची साखर अशी विरघळलेली, की चार दिवसांत आपणही तसंच बोलू लागतो.

हे शहर सायकलींचंही होतं, ते कारखान्यांमुळं. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला. व्हेईकल फॅक्टरी १९६९ची. लष्कराचे शक्तिमान ट्रक तिथूनही बाहेर पडले. अधारतालमध्येच १९६४ साली कृषी विद्यापीठ आलं. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, की रस्ताभर काळ्या सायकलींचा लोंढा वाहायचा. आता त्या जागी मोटारसायकली आहेत.

त्या लोंढ्यातले एक माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान. नोकरी व्हेईकल फॅक्टरीत, काम तयार भागांच्या तपासणीचं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी सायकल सुटली नाही. पण गुडघे बोलू लागले. वीस किलोची काळी सायकल चढावर ढकलत न्यायची वेळ आली. मुलगा म्हणाला, "बाबा, आता स्कूटी घ्या." मावशीचंही तेच मत. काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच आठवड्यात ते एक सांगाडा पाहून आले. चाकं नाहीत, पेडल नाही, नुसती फ्रेम आणि पुढचा चिमटा. शेजारच्या कॉलनीतल्या एका मुलानं अमेरिकेत शिकताना जुनी घेतलेली, परत येताना सामानात आणलेली आणि मग माळ्यावर पडलेली. किंमत ऐकून मावशी म्हणाली, "एवढ्यात जुनी स्कूटी येते. आणि तुम्ही नळ्या घेऊन राहिले!"

मी पोचलो तेव्हा घरात हा वाद रंगात आला होता. पैसे निवृत्तीच्या ठेवीतले, त्यामुळं मावशीचा राग रास्तच होता. पण काकांच्या दृष्टीनं प्रश्न सायकलीचा नव्हता. सकाळी कुणालाही न विचारता घराबाहेर पडता येईल की नाही, हा होता.

धातू विमानाचा

ती फ्रेम टायटॅनियमची होती. हा धातू आपल्याला वाटतो तितका दुर्मिळ नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत त्याचं खनिज आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगाला शुभ्रपणा देते तीही टायटॅनियमचीच भुकटी. अवघड आहे ते खनिजातून शुद्ध धातू काढणं, म्हणून तो महाग. पोलादाच्या मानानं वजन जेमतेम साठ टक्के, ताकद भरपूर आणि गंज नाही. म्हणून तो विमानात गेला.

विमानातून तो सायकलीत आला. १९७०च्या दशकातल्या पहिल्या टायटॅनियम सायकली लवचिक होत्या, काही मोडल्याही. पुढं तीन टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम मिसळलेल्या नळ्या वापरात आल्या. या नळ्या मूळच्या विमानातलं दाबाचं तेल वाहून नेणाऱ्या. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मर्लिन आणि लाइटस्पीड या अमेरिकन कंपन्यांनी त्यांच्या फ्रेम बाजारात आणल्या. अशी फ्रेम बहुधा रंगवत नाहीत. धातूचा राखाडी रंग तसाच ठेवतात. म्हणून तीस वर्षांनीही ती जुनी दिसत नाही. खरेदीदाराची पंचाईत होते ती इथंच.

तपासनिसाची नजर

काकांनी आधी खिशातून लोहचुंबक काढलं. चिमट्याला ते चिकटलं, फ्रेमला नाही. म्हणजे चिमटा पोलादाचा, फ्रेम नव्हे. मग सीटची दांडी हलते का ते पाहिलं. ॲल्युमिनियमची दांडी अशा फ्रेममध्ये वर्षानुवर्षं न हलवता ठेवली, तर आतच धरते आणि मग निघता निघत नाही. ही निघाली. पुढं साबणाच्या पाण्यानं सगळे जोड धुतले आणि भिंगातून एकेक पाहिला. हॅंडलजवळचा, पेडलजवळचा, मागच्या चाकाजवळचा. तडा गेला तर तो इथंच जातो.

पेडलजवळच्या मागच्या नळीवर एक बारीक रेघ दिसली. काकांचा चेहरा उतरला. तडा असेल तर सौदा संपला, कारण टायटॅनियमचं वेल्डिंग नाक्यावरच्या वेल्डरचं काम नाही. तापलेला टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतो. त्यामुळं जोडाला बाहेरून आणि नळीच्या आतूनही आरगॉन वायूचं पांघरूण द्यावं लागतं. जोड चांदीसारखा चकचकीत राहिला तर पास, निळा पडला तर संशय, पांढरी राख धरली तर नापास.

मुलाची परवानगी घेऊन काकांनी एका जुन्या सहकाऱ्याकडून लाल रंगाचा आणि पांढऱ्या भुकटीचा फवारा आणला. लाल द्रव रेघेवर मारला, थोडा वेळ मुरू दिला, पुसून काढला आणि वर पांढरा फवारा मारला. तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. आम्ही तिघं वाकून पाहत होतो. दहा मिनिटं गेली. पांढरं पांढरंच राहिलं. "चेन घासल्याची खूण आहे," काका म्हणाले, आणि मग भावाची बोलणी सुरू केली.

जुळवाजुळव

फ्रेम घेणं सोपं, सजवणं कठीण. मागचं चाक बसायची जागा १२६ मिलिमीटर निघाली. आजची चाकं १३० किंवा त्याहून रुंद. पोलादाची फ्रेम थोडी फाकवता येते. टायटॅनियम स्प्रिंगसारखा परत येतो, आणि जोर केला तर जोडावर ताण पडतो. मग सायकलवाल्यानं गियरच्या साध्या सायकलीचा हब घेतला, आसावरचे वॉशर कमी केले, आस कापला, चाकाचे आरे पुन्हा ताणून रिम मध्यावर आणली आणि आउट काढला. त्यावर सात चकत्यांचं फ्रीव्हील बसलं. पेडलच्या आसाचं काम सोपं गेलं, कारण आटे नेहमीचे इंग्लिश मापाचे होते. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. सीटच्या दांडीला तांब्याचं ग्रीस लावलं. टायर पंचवीस मिलिमीटरचे. त्याहून जाड बसेनात.

अकरा दिवसांनी सायकल उभी राहिली, म्हणजे भिंतीला टेकली. तिला स्टॅंड नाही. मडगार्ड नाही, कॅरियर नाही. वजन सुमारे दहा किलो, काळीच्या निम्मं. काका रोज पहाटे कृषी विद्यापीठाच्या बाजूनं फेरी मारतात. चढावर उतरावं लागत नाही, असं त्यांनी मावशीला दोनदा सांगितलं. खड्डा दिसला की मात्र उतरतात, टायर बारीक आहेत ना! भाजी आणायला काळीच लागते, त्यामुळं तीही विकली नाही.

मावशीचा राग गेला का? तिनं टायटॅनियमच्या सायकलीची जागा दिवाणखान्यात ठरवून दिली आहे. "एवढे पैसे घातले, ते पावसात कशाला ठेवायचे?"

जबलपूरला जायचं तर मुंबईहून इटारसीमार्गे थेट रेल्वे आहे. १८७० साली मुंबई आणि कोलकात्याकडचे लोहमार्ग याच शहरात जोडले गेले. भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा पाहायला हिवाळा उत्तम. एक सकाळ अधारतालसाठी ठेवा. आणि कुठल्याही गावात जुनी फ्रेम घ्यायची झाली, तर आधी चुंबक, साबण आणि भिंग घेऊन जा. पैशाचं पाकीट नंतर काढा.