काठ कापू नका, काका!

नवा फ्लॅट घेतला की दोन गोष्टी सुरू होतात. ईएमआय आणि पाहुण्यांचे सल्ले. बिबवेवाडीतल्या आमच्या हॉलची एक भिंत सहा महिने रिकामी होती आणि येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून काहीतरी सुचवून जायचा. कुणी म्हणे वारली पेंटिंग लाव, कुणी म्हणे सरळ मोठा टीव्ही. शेवटी आजीनं ट्रंकेतून एक जुनी तसबीर काढली. ''ही घे. लाव.''

राजा रविवर्म्याची लक्ष्मी. कमळात उभी, शेजारी हत्ती. मूळ चित्र बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात आहे, आमच्याकडे त्याची छापील प्रत. रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि तिथून देव घराघरात पोचले. त्यातलीच एक लक्ष्मी आमच्याकडे आली. फ्रेमचं मात्र काही खरं नव्हतं. काच तडकलेली, मागचा पुठ्ठा कसरीनं खाल्लेला.

शनिवारी स्कूटीवरून तसबीर फ्रेमवाल्या काकांकडे नेली. त्यांनी पक्कडीनं चुका काढल्या, पुठ्ठा बाजूला केला आणि म्हणाले, ''ताई, कागद मोठा आहे. खालचा काठ मागे दुमडलाय. घडीवर तुटायलाच आलाय, कापून टाकू. चौदा बाय वीसची तयार फ्रेम आहे, फिट बसेल. अर्ध्या तासात घेऊन जा.''

अर्धा तास! शनिवारी आणखी काय हवं? मी 'हो' म्हणणारच होते. पण काकांनी घडी अलगद उलगडली. काठावर छापखान्याचं नाव होतं आणि त्याखाली पेन्सिलीनं एक ओळ. आजोबांचं तिरकं अक्षर मी लगेच ओळखलं. 'शके 1885, श्रावण वद्य पंचमी. कन्या.'

शके 1885 म्हणजे 1963. बाबांचा जन्म 1965 चा. आणि आमच्या घरात थोरले कोण, तर बाबा. मग ही कन्या कोण?

''काका, कापू नका. मी नंतर येते.''

संध्याकाळी आजी मेथी निवडत होती. मी ओळ वाचून दाखवली. तिचे हात थांबले नाहीत. ''अकरा दिवसांची होती,'' ती म्हणाली. ''बारसं दुसऱ्या दिवशी होतं. म्हणून नाव नाही.'' थोड्या वेळानं म्हणाली, ''येता-जाता मला ते अक्षर दिसायचं. मग यांनी काठ दुमडला. कापवेना त्यांना.''

पुढच्या शनिवारी पुन्हा काकांकडे गेले. आता फ्रेम चित्राच्या मापाची करायची होती. म्हणजे नेमकं काय, हे मला तिथेच कळलं. पट्टीचा भाव फुटावर असतो. काठासकट चित्र चौदा बाय एकवीस इंच. चारी बाजूंनी अडीच इंच माउंट धरला की एकोणीस बाय सव्वीस. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापताना वाया जाणारं धरून पट्टी लागते आठ फुटांहून थोडी जास्त. सोनेरी नक्षीवाल्या पट्ट्यांवर काकांचा जीव होता. मी साधं सागवान घेतलं. लक्ष्मीच्या अंगावर पुरेसे दागिने आहेत!

माउंट मात्र ॲसिड-फ्री हवा. साध्या पुठ्ठ्यातल्या आम्लानं कागद काही वर्षांत पिवळा पडतो. काच चित्राला टेकता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात आत ओल धरली की छपाई काचेला चिकटते. माउंटच्या जाडीमुळे मध्ये फट राहते. सेलोटेपला सक्त मनाई. त्याचे तपकिरी डाग जात नाहीत. जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाची खळ, आणि चित्र फक्त वरच्या कडेला लटकवायचं. दमट हवेत कागद फुगला तरी त्याला जागा मिळते. घडीलाही मागून तसल्याच कागदाचा आधार दिला.

सगळं ठरल्यावर काकांनी विचारलं, ''माउंटची खिडकी कुठपर्यंत कापू? छापखान्याच्या नावापर्यंत की ते पेन्सिलीचं पण दिसू दे?''

हा निर्णय माझा नव्हता. मी तिथूनच आजीला फोन लावला. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, ''दिसू दे गं. साठ वर्षं आत होती.''

तसबीर घरी आली आणि नवाच घोळ झाला. त्या रिकाम्या भिंतीवर दुपारी चारनंतर पश्चिमेचं ऊन थेट येतं. यूव्ही काच लावली तरी रंग उडणं मंदावतं, थांबत नाही. म्हणून लक्ष्मी पॅसेजमधल्या आतल्या भिंतीवर गेली, जिथे ऊनही नाही आणि ओलही नाही. हॉलची भिंत अजून रिकामीच आहे. टीव्हीचे सल्ले चालू आहेत.

रविवारी बाबा आले. चष्मा लावून खालची ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग आजीकडे वळून म्हणाले, ''म्हणजे मला ताई होती.''

आजीनं मान हलवली आणि त्यांना शेजारी बसायला जागा करून दिली.