जोहे गावाजवळचा सूर्यास्त आणि पाण्याचे वेळापत्रक

पेण तालुक्यातील जोहे हे गाव हमरापूरप्रमाणेच गणपतीच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. मूर्तिपूजेबाबत आपली भूमिका ठरलेली आहे, ती येथे उगाळण्याचे कारण नाही. परंतु साच्यातून मूर्ती काढणारे, घासकाम करणारे, रंग मारणारे आणि डोळ्यांची आखणी करणारे हात कष्टकऱ्यांचेच आहेत. दिवसभर शेडमध्ये बसून काम करणाऱ्या या तरुणांना हल्ली सुटीच्या दिवशी पाण्यावर जाऊन सूर्यास्ताचा फोटो काढण्याची हौस लागली आहे. हौस चांगली आहे. मात्र पाण्याचा हिशेब कळल्याशिवाय ती करू नये, म्हणून हा लेखप्रपंच.

या परिसरातून पाताळगंगा नदी वाहते. मुंबई-गोवा महामार्गावरील खारपाड्याच्या पुलाखालून ती पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. पुलावरूनही सूर्यास्त दिसतो, पण तेथून नदी म्हणजे खाली पसरलेली एक पट्टी वाटते. कयाकमध्ये तसे होत नाही. कयाक म्हणजे लांबट, बुटकी होडी. दोन्ही टोकांना पाते असलेल्या एकाच वल्ह्याने ती चालते. बसणारा पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच असतो. त्यामुळे सूर्याचा पट्टा थेट होडीच्या टोकापर्यंत आलेला दिसतो आणि काठावरची तिवरे काळ्या शाईने काढल्यासारखी उठून येतात.

आता हिशेब. नदीच्या या भागात भरती-ओहोटी चालते. कोकणातील जुन्या माणसांचा आडाखा असा की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास. (आम्हा बी.कॉम. झालेल्या कारकुनांना असा सोपा हिशेब फार आवडतो.) खाडीत जितके आत जावे तितकी भरती थोडी उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारी येऊन जाते आणि सूर्यास्ताला ओहोटी असते. दृश्य कितीही सुंदर असो, त्या वेळी होडी चिखलात रुतली तर उतरून चालताही येत नाही. गाळ मांडीपर्यंत ओढतो. उलट अष्टमीला भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, ओढही सौम्य असते. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, त्यामुळे भरती आणि सूर्यास्त यांची गाठ पडते. तरीही निघण्यापूर्वी त्या दिवशीचे भरतीचे कोष्टक पाहावे आणि स्थानिक कोळी बांधवांना विचारावे. आडाखा तो आडाखाच.

गेल्या हिवाळ्यात रंगकाम करणाऱ्या एका ओळखीच्या तरुणाबरोबर दोघांच्या कयाकमधून मी गेलो. दोघांच्याही अंगात लाईफ जॅकेट. त्याच्या आईची अटच तशी होती, आणि पोहता येणाऱ्यानेही ती पाळावी. भरतीबरोबर आम्ही नदीच्या वरच्या अंगाला गेलो. येताना ओहोटी आपोआप खाली आणते, आणि पश्चिम तिकडेच असल्याने परतीचा सारा वेळ उजेड समोर राहतो. याच्या उलट केले तर अंधारात ओढाविरुद्ध वल्हवावे लागते. धरमतर खाडीच्या मोठ्या पात्रात मात्र जाऊ नये; तेथे बार्जींची ये-जा असते.

फोटोसाठी मोबाईल पुरतो. तो वॉटरप्रूफ पिशवीत घालून दोरीने गळ्यात अडकवावा. पडद्यावर सूर्याच्या बाजूच्या आभाळावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करावा, नाहीतर सूर्याचा पांढरा ठिपका होतो. वल्हे मांडीवर आडवे ठेवून होडी स्थिर होऊ द्यावी. उभे मुळीच राहू नये. आणि एकदा मागेही वळून पाहावे. उत्तरेकडे कर्नाळ्याचा सुळका त्या वेळी तांबूस होतो. सगळे पश्चिमेकडे पाहत असल्याने तो फोटो कोणाकडेच नसतो.

ज्या पाण्यावर आम्ही थांबलो होतो, त्याचीही एक कथा आहे. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून टाटांनी ते पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला आणले आणि 1915 मध्ये तेथे वीज तयार होऊ लागली. ती मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. वीज करून सुटलेले पाणी पाताळगंगेत येते. दिवस मावळला की काम थांबायचे, हा जुना नियम विजेच्या दिव्यांनी त्याआधीच मोडला होता. आता साचेही खोपोलीच्या विजेवर फिरू लागले. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा याच गिरण्यांत रात्रपाळी करत होते. त्यांच्या वाट्याला सूर्यास्त आला असेल तो बहुधा गेटकडे जाताना. हे त्या तरुणाला सांगितले तेव्हा वल्हे थांबवून तो पाण्याकडे पाहत राहिला. त्याचे आजोबा परळला स्पिनिंग खात्यात होते.

सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत उजेड सरतो. रंग खरा भरतो तो याच वेळात. त्याने फोटो काढला, पडदा पाहिला आणि मान हलवली. “भाऊ, आभाळात खाली शेंदरी आहे, वर जांभळट. मधला रंग मोबाईलने खाल्ला.” मग बराच वेळ त्याने फोटो काढलाच नाही. पांढऱ्यात शेंदरी किती, निळा किती, याची मापे तो पुटपुटत होता. ओहोटी लागली होती. आम्ही होडीचे तोंड खाली वळवले.