आधी पाइप, मग ड्राइव्हवे

बफलो, न्यू यॉर्क
८ नोव्हेंबर

प्रिय मनू,


स्नोब्लोअर घेतल्याचं तू फोनवर सांगितलंस, आता हिवाळ्याची काळजी मिटली असंही म्हणालीस. यंत्र घेतलंस ते चांगलंच केलंस. पण मला काळजी ड्राइव्हवेची नाहीच. वादळ ओसरल्यावर पहिल्या दोन तासांत घरातलं कोण बाहेर पडतं आणि आधी कशाला हात घालतं, याची आहे. त्यात यंदा अप्पा आणि सासूबाई मार्चपर्यंत तुमच्याकडे आहेत. फोनवर हे सगळं धड बोलून होत नाही, तू मध्येच मीटिंगला पळतेस. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच आणि जावईबापूंनाही वाचायला दे.

तुम्ही ह्यूस्टनहून आलात, आणि घर घेतलंत ते नेमकं बफलोच्या दक्षिणेला, हॅम्बर्गला. ईरी सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जवळजवळ ३९० किलोमीटर लांब पसरलेलं आहे आणि आपण त्याच्या पूर्वेच्या टोकाशी बसलो आहोत. नोव्हेंबरात सरोवराच्या पाण्यात उन्हाळ्याची ऊब अजून शिल्लक असते. त्यावरून कडाक्याचा गार वारा सरोवराच्या लांबीने वाहत आला की वाटेत वाफ उचलतो आणि किनारा गाठल्यावर तिचा बर्फ करून ओततो. तोही अरुंद पट्ट्यात. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफलोच्या दक्षिणेच्या उपनगरांत पाच-पाच फूट आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त बर्फ पडला, तेव्हा शहराच्या उत्तर भागात जेमतेम काही इंच होता. तुमचं गाव या पट्ट्याच्या हमरस्त्यावर आहे. जानेवारी-फेब्रुवारीत सरोवर गोठलं की हा प्रकार बराच कमी होतो, म्हणून खरी धास्ती आता, या दोन महिन्यांत आहे.

तर वादळ थांबलं की सर्वांत आधी गराजच्या बाजूच्या भिंतीकडे जायचं. तुमचा फर्नेस नव्या पद्धतीचा आहे, त्याला धुराडं नाही. त्या भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाहेर आलेत. घर पाहायला आलो तेव्हा मी जावईबापूंना ते दाखवले होते. एकातून फर्नेस हवा आत ओढतो, दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर टाकतो. वाऱ्याने भिंतीशी बर्फाचा ढीग लागला की दोन्ही तोंडं बुजतात. बहुतेक वेळा फर्नेस आपोआप बंद पडतो आणि घर गारठतं, एवढंच होतं. पण नशीब फिरलं तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, अंगात सुस्ती भरते. बाहेर एवढी थंडी, तेव्हा कसर आली असेल असं समजून माणूस पांघरूण ओढून झोपतो, आणि तिथेच घात होतो. ते पाइप हाताने किंवा झाडूने मोकळे करायचे, फावड्याने नाही. थंडीत प्लास्टिक कडक झालेलं असतं, एका फटक्यात तडकतं. शेजारचा गॅसचा मीटरही तसाच हलक्या हाताने. पाइपच्या तोंडासमोर तीन-चार फूट जागा मोकळी ठेवायची. वादळ दोन दिवस चाललं तर मधूनमधून जाऊन पाहायचं. झोपायच्या मजल्यावरच्या आणि बेसमेंटमधल्या मोनॉक्साइड अलार्मच्या बॅटऱ्या या आठवड्यातच बदलून टाक.

गाडीचंही तेच. सायलेन्सरचं तोंड मोकळं केल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. न्यू जर्सीत पसेइक गावी जानेवारी २०१६ च्या वादळानंतर वडील गाडीभोवतीचा बर्फ काढत होते आणि थंडी लागू नये म्हणून आई मुलांना घेऊन चालू गाडीत बसली होती. सायलेन्सर बर्फात गाडला गेला होता. आई आणि कडेवरचं मूल त्यात गेलं, आणि वडील तिथेच, गाडीला लागून उभे होते. हे वाचून मी कितीतरी दिवस अस्वस्थ होते. गराजमध्ये, दार उघडं ठेवून का होईना, गाडी तापवत ठेवायची नाही. वीज गेली आणि कुणी जनरेटर आणून दिला तर तो घरापासून निदान वीस फूट लांब, खिडक्यांकडे तोंड न करता.

फावडं शेडमध्ये ठेवलं असेल तर आजच घरात आणून ठेव. पुढच्या दाराचा बाहेरचा, काचेचा पल्ला बाहेरच्या बाजूला उघडतो. दोन फूट बर्फ त्याला टेकला की तो हलत नाही. तेव्हा निघायचं ते गराजमधून, आणि हातात फावडं हवं.

आता अप्पांविषयी. त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. कराडला पहाटे पाचला उठून मळ्यात चक्कर मारून येणारा माणूस. लेक-सून कामात अडकलेत आणि अंगणात काम पडलंय हे त्यांना बघवणार नाही. तुम्ही दोघं लॅपटॉपसमोर असताना ते मफलर गुंडाळतील आणि फावडं घेऊन बाहेर पडतील. तुम्हाला कळेल तेव्हा अर्धा ड्राइव्हवे झालेला असेल. मला नेमकी याचीच भीती आहे, मनू. माझी सगळी नोकरी इस्पितळात ईसीजी काढण्यात गेली. मोठा बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी कोणत्या वयाची, कोणत्या तक्रारीची माणसं येणार हे आम्हाला आधीच माहीत असायचं. बूट ओले, अंगात जाडजूड कोट, आणि तळहाताने छाती चोळत, "काही नाही, जरा जळजळतंय."

यामागचं कारण साधं आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. त्यात हे काम हातांचं, वजन उचलण्याचं. पायांनी चालण्यापेक्षा ते हृदयाला कितीतरी जड जातं, आणि जोर लावताना माणूस नकळत श्वास रोखतो. मिशिगनमधल्या बॅरी फ्रँकलिन या संशोधकांनी १९९५ मध्ये दहा धडधाकट तरुणांना ओला, जड बर्फ उपसायला लावून त्यांच्या नाडीचे ठोके मोजले होते. दोनच मिनिटांत ते कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या वर गेले. ही तरुणांची गोष्ट. क्यूबेकमधल्या १९८१ ते २०१४ पर्यंतच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की २० सेंटीमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने वाढतात. अमेरिकेत १९९० ते २००६ या काळात फावड्याने बर्फ काढताना दरवर्षी सरासरी साडेअकरा हजार माणसं इमर्जन्सीत पोचली, आणि त्या सतरा वर्षांत सोळाशेहून जास्त माणसं दगावली, ती हृदयाच्याच दुखण्याने. आणि आपण? आपल्या लोकांच्या धमन्या इतरांपेक्षा लवकर चोंदतात. २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणून जावईबापू पंचेचाळिशीचे आहेत, त्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. अप्पांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी फावड्याला हातच लावायचा नाही.

एक फूट बर्फ म्हणजे काय ते हिशेब करून त्यांना सांग, हिशेब त्यांना पटतो. तुमचा ड्राइव्हवे वीस फूट रुंद, पन्नास फूट लांब. त्यावरचा फूटभर कोरडा, भुसभुशीत बर्फ पावणेतीन टनांच्या आसपास भरतो. तोच ओला असेल तर आठ टनांवर जातो. बघायला दोन्ही सारखेच, पांढरे. मूठभर उचलून लाडू वळून बघ: वळला तर ओला आहे आणि त्या दिवशी निम्म्या वेगाने काम करायचं.

कामाची रीत अशी. उठल्याउठल्या नाही, चहा-नाश्ता करून तासाभराने. भरपेट जेवून तर नाहीच. आत सुती बनियन नको, घामाने भिजलं की अंगावर गार पडतं. आधी घरातच पाच-दहा मिनिटं चालून अंग मोकळं करायचं. वादळ चालू असताना सहा इंच साचला की एकदा काढून यायचं, तीन फुटांची वाट बघत बसायचं नाही. शक्य तिथे बर्फ ढकलायचा. उचलावाच लागला तर निम्मं फावडं भरायचं, गुडघे वाकवायचे आणि कंबर न पिळता पावलं वळवून टाकायचा. खांद्यावरून मागे भिरकवायचा नाही, पाठी धरतात त्या त्यानेच. फावड्याच्या पात्याला स्वयंपाकघरातलं तेल पुसून घे, ओला बर्फ चिकटत नाही. दर पंधरा मिनिटांनी घरात येऊन पाणी प्यायचं, तहान लागो न लागो.

एवढं करून हात झाडावेत तर रस्त्यावरचा बर्फ लोटणारी नांगराची गाडी येते आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर बांध घालून जाते. या बांधाने घात होतो. रस्त्यावरचा चेपलेला, मिठाने ओलावलेला, खडे-ढेकळांचा बर्फ असतो तो. माणूस आधीच दमलेला, ऑफिसला उशीर झालेला, आणि "एवढंच राहिलंय" म्हणून चिडून जोर लावतो. दोन गोष्टी करा. रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला, रस्त्याच्या कडेने आठ-दहा फुटांचा एक खिसा मोकळा करून ठेवा, आणि काढलेला बर्फ सगळा उजवीकडे टाका. नांगर तुमच्या बाजूने डावीकडूनच येतो. त्याच्या पात्यावरचा बराचसा बर्फ त्या खिशात पडतो आणि ड्राइव्हवेपुढे कमी येतो. आणि बांध एका दमात फोडू नका. वरून एकेक थर कापत या. गाडी बाहेर काढायची घाई असेल तर त्या दिवशी घरून काम करा.

स्नोब्लोअरने हृदयावरचा भार बराच हलका होतो, पण बोटं त्याच्या हवाली करू नका. ओला बर्फ फेकायच्या नळीत हमखास तुंबतो. यंत्र बंद केलं, आता हात घालायला काय हरकत, असं वाटतं. पण आतलं पातं ताणलेलं असतं, बर्फ सुटला की बंद यंत्रातही गर्रकन फिरतं. यंत्र बंद, मिनिटभर थांबणं, आणि मग यंत्राबरोबर आलेली काठी. बोट, हातमोजा, पायाचा बूट, काही नाही. पेट्रोल गरम यंत्रात ओतायचं नाही.

छपरावर चढायचं नाही, शिडीही लावायची नाही. लांब दांड्याचा दाताळा मिळतो, जमिनीवर उभं राहून छपराच्या कडेचा चार-पाच फूट बर्फ ओढून काढायचा, तोही विजेची तार आणि लोंबणारे सुळके बघून. छत करकरलं, दारं अडकायला लागली, तर घराबाहेर पडायचं आणि माणूस बोलवायचा. २०१४ ला आपल्या भागात कितीतरी छपरं बसली होती.

सासूबाईंना सांग, ओला कचरा टाकायला सपाता घालून बाहेर जायचं नाही. पायऱ्यांवर दिसेल न दिसेल असा बर्फाचा पातळ थर असतो. पायऱ्यांना मीठ टाक. पारा उणे नऊ-दहाच्या खाली गेला की साधं मीठ काम करेनासं होतं, तेव्हा कॅल्शियम क्लोराइड, नाहीतर नुसती वाळू.

तुम्ही नव्हता तेव्हाची, डिसेंबर २०२२ ची गोष्ट सांगते. ऐन नाताळात वादळ आलं. त्याच्या महिनाभर आधी ऑर्चर्ड पार्कला सहा फुटांहून जास्त बर्फ पडून गेला होता, बिल्स या इथल्या फुटबॉल संघाची मॅच डेट्रॉइटला हलवली होती, आणि बर्फ काढताना हृदयाच्या झटक्याने दोन जण गेल्याचं काउंटीने जाहीर केलं होतं. पण नाताळाच्या वादळात वारा असा होता की अँब्युलन्स आणि बंबच रस्त्यात अडकून पडले. ९११ ला फोन लागत होता, माणूस पोचत नव्हता. काउंटीत चाळीसहून जास्त माणसं गेली: कुणी गाडीत, कुणी गारठलेल्या घरात, कुणी फावडं हातात असताना. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच विचारते: आज तू अंगणात कोसळलास तर तुझ्यापर्यंत कोण पोचू शकेल? उत्तर "कोणी नाही" असेल तर त्या दिवशी पाइप आणि दार एवढंच मोकळं करायचं. ड्राइव्हवे दोन दिवस बुजलेला राहिला म्हणून काही बिघडत नाही.

छातीत जड वाटलं, जबडा किंवा डावा हात दुखला, दरदरून घाम सुटला, तर पित्त म्हणून सोडा प्यायचा नाही, आडवं पडून बघायचं नाही. लगेच ९११. हे अप्पांना मराठीत, दोनदा सांग. मुलांना त्रास नको म्हणून ते गप्प बसतील.

आणि त्यांना नुसतं "नको" म्हणू नकोस, मन मोडेल. जावईबापू बाहेर असताना अप्पांनी पुढच्या खिडकीशी बसायचं, फोन जवळ ठेवायचा, आणि पंधरा मिनिटं झाली की काच वाजवून मुलाला आत बोलवायचं. ते शब्दाचे पक्के आहेत, हे काम त्यांच्याइतकं चोख कोणी करणार नाही.

आमच्या गल्लीत नांगर मारणारा माणूस हॅम्बर्गलाही येतो, हंगामाचे पैसे आगाऊ घेतो. काकांनी त्याच्याशी बोलून ठेवलंय, या शुक्रवारपर्यंत त्याला होकार कळवायचा आहे. पैशांकडे बघू नकोस. अलार्मच्या बॅटऱ्या आणि मिठाची दोन पोती घेऊन आम्ही रविवारी येतोच आहोत.

अप्पांना आणि सासूबाईंना आमचा नमस्कार.

तुझी,
मावशी